दोर धरणारा

"काका, एवढं एक वाक्य नजरेखालून घाला. अक्षर काही तुमच्यासारखं नाही जमलं, पण मजकूर तरी चुकायला नको," असं म्हणत गिर्यारोहण क्लबाच्या चिटणिसांनी गुंडाळलेला मानपत्राचा जाड कागद टेबलावर उलगडला आणि त्याचं पुन्हा वळायला बघणारं टोक बशीनं दाबून धरलं.

नकाशेंनी चष्मा चढवला. छत्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढण्यात गेली आणि सुट्टीचे दिवस क्लबाच्या पुस्तकासाठी कड्यांची चित्रं काढण्यात. कुठून चढायचं, कुठे हात घालायचा, मार्ग किती अवघड, सगळं त्या चित्रांत. तेव्हा क्लबातल्या मित्रांनी ठेवलेलं 'नकाशे' हे नाव असं चिकटलं की आता बायकोही रागावली की त्याच नावानं हाक मारायची.

कागदावर लिहिलं होतं : 'करवत हा मार्ग दोरावर भार न टाकता पूर्ण चढणारी पहिली महिला.'

जिच्यासाठी हे लिहिलं होतं ती समोरच बसली होती. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचं काम करणारी, सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. बोटांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या. क्लबात तिला सगळे चष्मेवाली म्हणत, तिच्या स्वतःच्या डोळ्यांवर चष्मा नसला तरी.

"दीड वर्ष लागलं, काका," ती म्हणाली. "खालचं सगळं होत होतं. धारेचे वरचे तीन दात काही केल्या होईनात. उंची कमी पडते ना माझी. सगळे म्हणायचे, उडी मार. उडी मारली की मी खाली."

"उडी नाही मारायची तिथे," नकाशे कागदावरची नजर न काढता म्हणाले. "डावी टाच वर, थेट हाताशेजारी नेऊन ठेवायची. मग श्वास पूर्ण सोडायचा आणि अंग टाचेवर ओढायचं. हळू."

मुलगी खुर्चीत पुढे सरकली. "बरोब्बर! मी तस्संच केलं! पण तुम्हाला कसं ठाऊक? मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं."

नकाशेंना आपण काय बोलून बसलो ते कळलं. "पाहिलं होतं कुणालातरी. फार वर्षं झाली."

"कुणाला?"

"आठवत नाही आता."

चिटणीस हसले. "चाळीस वर्षं पुस्तक सांभाळलंय काकांनी. किती लोक आठवणार? बरं, मजकूर?"

नकाशेंनी बशी उचलली. कागद आपसूक गुंडाळला गेला.

"ठीक आहे मजकूर," ते म्हणाले.

पाहुणे गेल्यावर बायको कप उचलायला आली. "आठवत नाही म्हणे! कुठल्या गल्लीत कितव्या साली किती इंची नळ टाकला ते तोंडपाठ, आणि ती तुमची क्लबातली सुई आठवत नाही? तुम्ही बसलायत ती खुर्चीसुद्धा तिनंच शिवून दिलीय."

नकाशे खुर्चीवरून उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"ती चढली होती," ते म्हणाले.

"काय?"

"करवत. ती पूर्ण चढली होती. दोर माझ्या हातात होता."

बायकोनं कप परत टेबलावर ठेवले.

*

शहरापासून तासाभराच्या अंतरावर एक कडा होता. त्याच्या मधोमध तिरकी, पुढे झुकलेली धार, आणि धारेला दातांसारख्या खाचा. म्हणून करवत. त्या काळात पुस्तकात मार्गांना अवघडपणाचे आकडे असत, एकपासून नऊपर्यंत. नऊ एकच होता आणि तो करवतीचा. तो पहिल्यांदा चढला होता उंट. सव्वासहा फूट उंचीचा, औषधांच्या कंपनीत विक्री सांभाळणारा, तोंडानं फटकळ आणि मनानं त्याहून फटकळ. तो चढला त्याला सहा वर्षं झाली होती आणि त्यानंतर कुणीच चढलं नव्हतं. नकाशे चार वर्षं प्रयत्न करत होते. दर सुट्टीला वरच्या तीन दातांपाशी जायचे आणि दोरावर लोंबकळत खाली यायचे. पुढे पुढे तर लोंबकळणंच त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

सुई बस-आगारात सीटांच्या गाद्या शिवायची. जाड रेक्झिनमधून दाभण ओढून ओढून तिची बोटं पक्कडीसारखी झाली होती. पाच फूटसुद्धा नसेल, वजन म्हणाल तर फुंकर मारली की उडेल. क्लबात आली तेव्हा उंट म्हणाला होता, "हिला दोर कशाला, शिवणाचा दोराच पुरेल." त्या दिवसापासून ती सुई. तिनं ते नाव हसून घेतलं आणि दोन वर्षांत सात आकड्याचे सगळे मार्ग चढून टाकले. तोवर कुणी बाई सहाच्या वर गेल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

त्या दिवशी थंडी होती. खाली दोर धरायला नकाशे, वर सुई, बाकी कुणी नाही. दोर धरणाऱ्याला वरच्या माणसाचं सगळं कळतं. त्याचे पाय कधी थरथरले, कधी दम लागला, कधी भीती वाटली, हे सगळं दोरातून हाताला समजतं. आणि त्यानं दोरावर भार टाकला, मग तो पावशेराचा का असेना, तर ते न कळणं शक्यच नसतं. क्लबाचा नियम साधा होता : दोर फक्त कुणी पडलं तर वाचवण्यासाठी. त्यावर भार टाकला की चढाई मोडली.

वरच्या तीन दातांपाशी सुई थांबली. मग तिनं डावी टाच उचलून हाताशेजारी ठेवली. असं कुणी कधी केलं नव्हतं. दोर नकाशेंच्या तळहातात सैल होता, अगदी सैल, आणि तो तसाच सैल असताना ती वर जाऊन धारेवर बसली. खाली वाकून म्हणाली, "पाणी आहे का रे?"

नकाशेंनी खालून टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. पण परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून झोपली, तेव्हा तिच्या शेजारी बसलेले नकाशे चार वर्षांत आपण किती वेळा लोंबकळत खाली आलो ते मोजत होते.

चार दिवसांनी क्लबाची बैठक झाली. सात पुरुष, एक टेबल. सुईची आगारात दुपारची पाळी होती. उंट म्हणाला, "ती चढली असेल तर तो नऊ नाही. बारीक बोटं आहेत तिची, खाचेत जातात. आकडा खाली आणा, सात करा." उंटाचे हात लांब होते म्हणून करवत सोपी झाली, असं सहा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं, त्या दिवशीही म्हटलं नाही. पण आकडा खाली आणायचा तर उंटाचा स्वतःचा नऊही जात होता. आणि नकाशेंची चार वर्षं एका सात आकड्याच्या मार्गावर लोंबकळण्यात गेली, असं पुस्तकात कायमचं बसत होतं. तेही त्यांच्याच हस्ताक्षरात.

मग अध्यक्षांनी विचारलं, "नकाशे, दोर तुम्ही धरला होता. कुठे ताण आला होता का?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि कुणाला कुठलं उत्तर हवंय ते इतकं स्पष्ट होतं की जणू टेबलावरच ठेवलं होतं.

"वरच्या टप्प्यात..." नकाशे म्हणाले, "आला असेल थोडा."

'आला' नाही म्हणाले. 'आला असेल' म्हणाले. पुढे कित्येक वर्षं ते स्वतःला याच एका शब्दावर सोडवून घेत राहिले. पण बैठकीच्या वहीत 'असेल' लिहिला गेला नाही. वहीत लिहिलं गेलं, 'दोरावर भार आल्याने चढाई ग्राह्य नाही.' आणि ते नकाशेंनीच लिहिलं, कारण अक्षर त्यांचं चांगलं होतं.

ते वाक्य क्लबाच्या फळ्यावर लागलं. त्यानंतर सुई क्लबात आली नाही.

*

आगारात चौकशी केल्यावर कळलं की सुई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली, आता थोरल्या बहिणीबरोबर गाद्या-कुशनचं दुकान चालवते. नकाशे दोन बस बदलून गेले. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. दारात फाटलेल्या सीटा एकावर एक रचलेल्या, आत शिवणयंत्राची घरघर. गल्ल्यावर थोरली बहीण होती, जाडजूड, कपाळावर आठी. सुई जमिनीवर बसून एका सोफ्याच्या पोटातून जुनं भरण उपसत होती. केस पांढरे झाले होते, पाठ किंचित वाकली होती. बोटं तीच होती.

तिनं मान वर केली आणि एका क्षणात ओळखलं.

"बसा," ती म्हणाली. "काय काम काढलंत?"

चौतीस वर्षांपूर्वी ती त्यांना अरे-तुरे करायची. हे 'काढलंत' नकाशेंना मुस्काटात मारल्यासारखं लागलं.

"माफी मागायला आलोय," ते म्हणाले. वाटेत जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं पळाली होती. "त्या दिवशी दोराला ताण आला नव्हता. मी बैठकीत खोटं बोललो."

सुईनं उपसलेल्या भरणातला एक खिळा शोधून बाजूला ठेवला.

"दोर माझ्या कमरेला होता, नकाशे. ताण आला की नाही, ते मला तुम्ही येऊन सांगणार?"

नकाशेंनी तो खिळा उचलला आणि परत ठेवला.

"मी आले होते तुमच्या ऑफिसात," ती पुढे म्हणाली. "भांडायला नाही. एवढंच विचारायला, की तुम्ही खरंच तसं सांगितलंत, का त्या उंटानं तुमच्या नावावर खपवलं. फाटकापाशी उभी राहिले. तुम्ही वरच्या खिडकीतून बघितलंत. मग मी तासभर उभी. शिपाई म्हणाला, साहेब मागच्या जिन्यानं गेले."

हे तिला माहीत असेल असं नकाशेंना कधी वाटलंच नव्हतं. त्या जिन्याला बावीस पायऱ्या होत्या, आणि त्या दिवशी त्यांनी बूट वाजू नयेत म्हणून टाचा उचलून त्या उतरल्या होत्या. दोन मोठी पोरं असलेला, पाणीपुरवठ्यातला पक्क्या नोकरीचा माणूस, चोरासारखा.

"तेव्हा मला उत्तर मिळालं," सुई म्हणाली. "का केलंत, तेवढं मात्र कळलं नाही कधी. उंटाचं मी समजू शकते. तुमचं काय बिघडवलं होतं मी?"

"मला जमत नव्हतं," नकाशे म्हणाले. "चार वर्षं. आणि तू एका हिवाळ्यात..."

थोरली बहीण गल्ल्यावरून म्हणाली, "एवढंच? एवढ्यासाठी माझ्या बहिणीनं कडा सोडला? वर्षभर रविवार आला की ही भांडी घासत बसायची हो, घासलेलीच परत."

"ताई, तू गप," सुई म्हणाली.

नकाशेंनी मग चष्मेवालीचं सांगितलं. तिची दीड वर्षांची मेहनत, रविवारचा सत्कार, कागदावरचं वाक्य, आणि ते वाक्य आपण ठीक आहे म्हणालो तेही.

"म्हणजे अजून सवय गेली नाही," सुई म्हणाली. मग विचारलं, "उंची केवढी तिची?"

"तुझ्यापेक्षा चार बोटं जास्त असेल."

"टाच घेते?"

"घेते. तिचं तिलाच सुचलं."

सुईच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरतं काहीतरी उजळलं. पण ते नकाशेंसाठी नव्हतं, हे त्यांना लगेच कळलं.

"तू येशील रविवारी?"

"मी कशाला? हे बघा. मला येऊन सांगितलंत, तुमचं ओझं थोडं हलकं झालं असेल. पण मला सांगून उपयोग काय? मला तर ठाऊकच आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा." ती पुन्हा सोफ्याकडे वळली. "आणि सांगायचं असेल तर सरळ सांगा. ह्यात 'असेल' नको."

'असेल' तिच्यापर्यंत कसा पोचला होता, हे विचारायचं नकाशेंना धाडस झालं नाही. सातांपैकी कुणीतरी तोही पोचवला असणार.

*

रविवारी सकाळी दहाला शाळेच्या सभागृहात शंभरेक माणसं जमली होती. पहिल्या रांगेत उंट, आता काठी घेऊन. चष्मेवालीची आई आणि दुकानातल्या मैत्रिणी आल्या होत्या. मुलीनं निळा नवा ड्रेस घातला होता आणि बोटांच्या पट्ट्या काढल्या होत्या. नकाशेंच्या हातून मानपत्र द्यायचं ठरलं होतं. चिटणिसांनी त्यांची ओळख करून दिली, "क्लबाची चालतीबोलती स्मरणशक्ती." टाळ्या पडल्या.

नकाशेंच्या खिशात कागद होता, पण तो त्यांनी खिशातच राहू दिला.

"ह्या मुलीनं जे केलं ते फार अवघड आहे," ते म्हणाले. "नऊ आकड्याचं आहे. पण ती पहिली नाही."

खुर्च्या करकरल्या.

त्यांनी सांगितलं. थंडीचा दिवस, टाच, सैल दोर. बैठक, प्रश्न, आणि आपलं उत्तर. आपण का तसं बोललो तेही सांगितलं; ते सांगताना समोर कुणाकडेच बघवेना म्हणून ते मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोलले. शेवटी म्हणाले, "दोराला ताण आला नव्हता. पुस्तकात जे झालं तेच जायला हवं. चौतीस वर्षं माझ्यामुळे गेलं नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उंट काठी टेकत उठला. "म्हातारपणी काय हे उकरून काढतोस?" तो मोठ्यानं म्हणाला. "तूच सांगितलंस, तूच लिहिलंस. आम्हाला कशाला गोवतोस?" आणि काठी आपटत निघून गेला. तो म्हणाला त्यात खोटं काही नव्हतं, हेच नकाशेंना सगळ्यात जास्त झोंबलं.

मानपत्र कुणी द्यायचं, द्यायचं की नाही, हे कुणालाच कळेना. शेवटी मुलगीच पुढे आली. डोळे भरले होते, पण आवाज ताठ होता.

"काका, परवा मी तुमच्या घरी बसून विचारलं होतं, कुणाला पाहिलं होतंत. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही."

"आणि आज माझ्या आईसमोर झाला?"

खरं सांगण्याचा दिवससुद्धा नकाशेंनी दुसऱ्याचाच खर्चला होता. पहिल्या ओळीत बसलेली तिची आई पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

मुलीनं मनगटानं डोळे पुसले आणि पर्समधून पेन काढलं. "पत्ता द्या त्यांचा," ती म्हणाली.

*

दोन महिन्यांनी पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचं पान छापून आलं. करवतीखाली आता चष्मेवालीच्या वर सुईचं नाव होतं, तिचं खरं, पूर्ण नाव, आणि चौतीस वर्षांपूर्वीची तारीख. त्याखाली बारीक अक्षरात : 'दोर', आणि पुढे नकाशेंचं नाव, वडिलांच्या नावासकट.

त्यांनी तडक चिटणिसांना फोन लावला. "माझं नाव काढा तिथून."

"का? दोर तुम्हीच धरला होतात ना?"

"हो, पण... लोकांना वाटेल माझा त्यात काही वाटा होता."

"काका, चढणाऱ्याचं नाव आणि धरणाऱ्याचं नाव, ही रीत तुम्हीच घालून दिलीत. आणि जे झालं तेच पुस्तकात जायला हवं, असं स्टेजवरून कोण म्हणालं?" चिटणिसांचा सूर कडवट नव्हता, पण काका म्हणताना पूर्वी असायची ती ऊबही नव्हती. "पान छापून झालंय."

फोन खाली ठेवल्यावर बायको म्हणाली, "राहू द्या की. भोगा आता. निदान खरं तरी आहे."

नकाशे पान पाकिटात घालून दोन बस बदलत दुकानात गेले. गल्ल्यावर थोरली बहीण एकटीच होती.

"ती नाहीये," ती म्हणाली. "त्या चष्मेवालीबरोबर गेलीय कड्यावर. तिसरा रविवार हा. बासष्टाव्या वर्षी! गुडघे दुखतात म्हणून रात्री कण्हते आणि सकाळी डबा भरून पळते."

"चढते?"

"मला काय ठाऊक? विचारलं तर म्हणते, दोन माणसांच्या उंचीएवढी वर गेले आणि आले खाली. त्यात एवढं हसण्यासारखं काय असतं, देव जाणे."

"केव्हा येईल?"

"अंधार पडायच्या आत येईल. ठेवून जा ते पाकीट."

"थांबतो," नकाशे म्हणाले. "हातातच द्यायचंय."

बहिणीनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग एका फाटक्या सीटेतून उपसलेला जुन्या काथ्याचा ढीग पायानं त्यांच्या पुढ्यात सरकवला. "थांबायचंच असेल तर नुसते बसू नका. एवढा पिंजून द्या. गुठळ्या राहिल्या की गादी टोचते."

नकाशे दारातल्या बाकावर बसले. काथ्या धुळीचा, वर्षानुवर्षं माणसांच्या वजनाखाली दबून घट्ट झालेला होता. ते बोटांनी धागा धागा सुटा करत राहिले. नखांत कुसळं शिरली, नाकात धूळ गेली. रस्त्यावर बसमागून बस येत होती, माणसं उतरत होती; प्रत्येक वेळी ते मान वर करत आणि प्रत्येक वेळी, ती त्यांत नाही हे बघून, त्यांना थोडं सुटल्यासारखंही वाटे.

ऊन दुकानाच्या पायरीवरून खाली उतरलं तेव्हा बहीण बाहेर आली. तिनं पिंजलेल्या ढिगात हात घालून तळापर्यंत चाचपलं.

"ह्यात अजून गाठी आहेत," ती म्हणाली, आणि ढीग परत त्यांच्याकडे ढकलला.

नकाशेंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर ठेवला आणि पहिल्या मुठीपासून सुरुवात केली.